न्यूझीलंडमधील क्लबच्या स्की फील्डला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्राइस्टचर्चमध्ये राहणारी मराठी मंडळी आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे भारतातून येणारे नातेवाईक यांच्याकडून दर हिवाळ्यात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही उत्तरे प्रामुख्याने कँटरबरी प्रांतातील, विशेषतः क्रेगीबर्न डोंगररांग आणि आर्थर्स पास या भागातील क्लबच्या स्की फील्डविषयी आहेत. दर, वेळा आणि रस्त्याची स्थिती सतत बदलत असल्यामुळे निघण्याच्या दिवशी सकाळी संबंधित क्लबची ताजी सूचना पाहणे आवश्यक आहे.

क्लबचे स्की फील्ड म्हणजे नेमके काय?

बर्फाच्या उतारावर वर ओढून नेणारी यंत्रणा, मुक्कामाची साधी लॉज आणि सुरक्षेसाठी गस्तीपथक एवढी व्यवस्था एखाद्या कंपनीने नव्हे, तर सभासदांच्या क्लबने उभारलेली आणि चालवलेली असते, तेव्हा त्या ठिकाणाला येथे ‘क्लब फील्ड’ म्हणतात. ‘फील्ड’ या शब्दाने फसू नये. तेथे सपाट असे जवळपास काहीच नसते. यांतील काही क्लब १९३० च्या आसपासचे आहेत. माउंट चीझमन चालवणारा कँटरबरी विंटर स्पोर्ट्स क्लब १९२९ मध्ये आणि माउंट ऑलिंपस चालवणारा विंडव्हिसल विंटर स्पोर्ट्स क्लब १९३२ मध्ये स्थापन झाला. त्या काळातील सभासदांनी लाकूड, पत्रे आणि सिमेंट पाठीवर वाहून नेऊन झोपड्या बांधल्या, आणि पुढे जुन्या इंजिनांवर दोर फिरवून वर जाण्याची सोय केली. आज गस्तीसाठी, स्वयंपाकघरासाठी आणि यंत्रांसाठी हंगामापुरते पगारी कर्मचारी असतात; पण निर्णय सभासदच घेतात आणि कामाचा मोठा वाटाही तेच उचलतात.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायचे, तर एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेने गडाच्या माचीवर स्वतःची धर्मशाळा बांधावी, ती श्रमदानातून टिकवावी आणि परक्यालाही तेथे पथारी टाकू द्यावी, असा हा प्रकार आहे. तेथे जाणारा माणूस पैसे मोजतो, पण केवळ पैसे मोजून तो मोकळा होत नाही. पुढची बरीचशी उत्तरे या एका गोष्टीतून निघतात.

सभासद नसलेल्यांना प्रवेश मिळतो का?

मिळतो, आणि आनंदाने मिळतो. दिवसाचा पास कोणीही विकत घेऊ शकतो, मुक्कामाचे आरक्षणही कोणीही करू शकतो. सभासदांना दर कमी पडतो, एवढाच फरक आहे. हंगामात अनेक दिवस जाण्याचा विचार असेल, तर बऱ्याच क्लब फील्डवर चालणारा ‘चिल पास’ पाहावा. एकाच डोंगरावर बर्फ कमी असला, की दुसरीकडे जाण्याची मुभा हा त्याचा खरा फायदा आहे.

मोठ्या व्यावसायिक स्की फील्डपेक्षा येथे काय वेगळे असते?

खुर्चीची लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते. यंत्राने बनवलेला बर्फ बहुतेक ठिकाणी नसतो, त्यामुळे आकाशातून जेवढे पडेल तेवढ्यावरच हंगाम चालतो आणि एखाद्या कोरड्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे फील्ड बंद राहते. उतार दाबून सपाट करणारी यंत्रे काही फील्डवर आहेत, तर काहींवर मुळीच नाहीत. क्रेगीबर्न व्हॅली या फील्डवर बर्फ जसा पडतो आणि वारा जसा रचतो, तशाच बर्फावरून स्कीइंग करावे लागते. दुकाने, कॅफेंची रांग, भाड्याच्या साहित्याचा भलामोठा काउंटर यांपैकी काही नसते. त्याऐवजी गर्दी नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी संपूर्ण खोऱ्यात पन्नासेक माणसे असावीत, आणि दुपारपर्यंत त्यांतली निम्मी आपल्याला नावाने ओळखू लागावीत, असे अनेकदा घडते.

कोणते फील्ड निवडावे?

प्रथमच स्कीइंग करणाऱ्याने माउंट चीझमनला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे टी-बार प्रकारच्या (उलट्या ‘टी’ आकाराच्या दांडीने मागून ढकलत वर नेणाऱ्या) लिफ्ट आहेत, दाबून सारखे केलेले उतार आहेत आणि गाडी थेट लिफ्टजवळ पोहोचते, त्यामुळे लहान मुले आणि आजी-आजोबा सोबत असले तरी अडचण येत नाही. ब्रोकन रिव्हर येथे नवशिक्यांसाठी छोटा टो (उतारावर वर ओढून नेणारा फिरता दोर) आणि प्रशिक्षक मिळतात, पण वाहनतळापासून लॉजपर्यंत बीच वृक्षांच्या जंगलातून वीस-पंचवीस मिनिटांचा चढ आहे. रुळांवरून चढणारी छोटी ट्राम चालू असेल तर तो चढ वाचतो. क्रेगीबर्न व्हॅलीची उंची सुमारे १,३०० मीटरपासून १,८०० मीटरपर्यंत आहे आणि जवळपास सगळा उतार तीव्र आहे. ज्याला कोणत्याही प्रकारच्या बर्फावर वळता आणि थांबता येते, त्यानेच तेथे जावे. माउंट ऑलिंपसचा रस्ता खडबडीत आहे आणि तो वेगळ्या बाजूने, विंडव्हिसल आणि लेक आयडा या मार्गाने जातो. चारही चाकांना गती देणारे वाहन असलेले बरे. टेंपल बेसिन आर्थर्स पास गावाच्या थोडे पुढे आहे. तेथे स्की आणि पाठपिशव्या सामानाच्या लिफ्टने वर जातात, माणसे मात्र महामार्गावरून पाऊण ते एक तास पायी चढतात. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला या चढाचे काही वाटू नये, पण बर्फात बूट घसरतात, म्हणून काठ्या जवळ ठेवाव्यात.

पोर्टर्स हे याच रस्त्यावरचे फील्ड व्यावसायिक आहे, क्लबचे नाही. याउलट हॅनमर स्प्रिंग्ज, रेनबो, फॉक्स पीक आणि अवाकिनो ही क्लबची फील्ड कँटरबरीच्या इतर भागांत किंवा प्रांताच्या सीमेपलीकडे आहेत, आणि ती एका दिवसात उरकण्यासारखी नाहीत.

कधी यावे?

जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत साधारण हंगाम असतो. महाराष्ट्रात वारी पंढरपुरास पोहोचत असते, तेव्हा येथे फील्ड उघडण्याची तयारी चालू असते, आणि गणपती येतात तेव्हा अनेकदा सर्वांत चांगला बर्फ असतो. जुलैमध्ये शाळांची सुट्टी असल्याने गर्दी वाढते. शिवाय जुलैत दिवस फार लहान असतो; सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि सव्वापाचपर्यंत मावळतो. ऑगस्टचा उत्तरार्ध मला सर्वांत सोयीचा वाटतो.

हवामानाबाबत एक गोष्ट समजून घ्यावी. येथे वायव्येचा वारा पर्वतरांग ओलांडून येतो, तेव्हा तो उबदार असतो आणि कड्याजवळच्या फील्डवर बर्फाऐवजी पाऊसही पाडतो. त्यानंतर दक्षिणेचा थंड वारा फिरला, की तापमान कोसळते आणि हिमवर्षाव होतो. जाणकार सभासद म्हणूनच दक्षिणेच्या वाऱ्याची वाट पाहत असतात आणि तो येऊन गेल्यानंतरच्या पहिल्या निरभ्र सकाळी कामावर रजा टाकतात.

रोप टो आणि नटक्रॅकर म्हणजे काय? ते शिकणे खरोखर कठीण असते का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि भीतीही याचीच सर्वाधिक असते, म्हणून सविस्तर लिहितो. उतारावर खालून वर एक जाड दोर अखंड फिरत असतो आणि जागोजागी खांबांवरील कप्प्यांवरून जातो. हा दोर नुसत्या हाताने धरून वर जाणे अशक्य असते, कारण हात काही मिनिटांतच निकामी होतात आणि कप्पीपाशी बोटे चिरडण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येकाच्या कमरेला जाड पट्टा असतो आणि त्याला आखूड दोरीने एक धातूचा चिमटा बांधलेला असतो. त्याला नटक्रॅकर म्हणतात, आणि ज्याने घरी अडकित्ता पाहिला आहे, त्याला त्याचे वर्णन वेगळे करून सांगायला नको; बिजागरीवर मिटणारे दोन जबडे, मागे लांब दांडे आणि सुपारीच्या जागी फिरता दोर.

क्रम असा आहे. दोराच्या बाजूला स्की वरच्या दिशेने सरळ ठेवून उभे राहावे. दोराकडच्या हाताने दोर हलकेच धरावा आणि तो हातमोज्यातून सरकू द्यावा, मग मूठ हळूहळू आवळावी, म्हणजे शरीराला झटका न बसता वेग येतो. दोराच्या वेगाने आपण चालू लागलो, की दुसऱ्या हाताने नटक्रॅकर दोरावरून पलीकडे भिरकावून त्याचे दांडे पकडावेत आणि मिटावेत. यानंतर ओढ कमरेवर येते आणि हातांना फक्त दांडे मिटून धरायचे काम उरते. कप्पी जवळ आली, की हात दांड्यांवरच ठेवावेत, दोरावर कधीही नाही. चिमटा कप्पीवरून खडखडत आपोआप पुढे जातो. दोर बाजूला ओढू नये, कारण तो कप्पीवरून उतरतो आणि आपल्यासह मागच्या सर्वांचा खोळंबा होतो. वर पोहोचल्यावर दांडे सोडावेत, चिमटा दोरावरून काढावा आणि लगेच बाजूला व्हावे.

नवशिक्यांची चूक जवळजवळ नेहमी एकच असते. ते चिमटा लावण्याची घाई करतात. मीही पहिल्या सकाळी दोराचा वेग पकडण्याआधीच चिमटा मिटला, कमरेला जोराचा हिसका बसला आणि तोंडघशी पडलो. असे सलग चार वेळा झाले. पाचव्या वेळी मागे उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंनी ‘आधी दोराबरोबर चाला, मग त्याला धरा’ एवढेच सांगितले आणि ते जमले. साधारण अर्ध्या दिवसात बहुतेकांना जमते. ज्याला उतारावर नीट थांबताही येत नाही, त्याने मात्र आधी नवशिक्यांच्या टोवर दिवस घालवावा.

लांब केस बांधून जाकिटात घालावेत. ओढणी, मफलर, कॅमेऱ्याचा पट्टा, पाठपिशवीचे लोंबणारे बंद यांपैकी काहीही मोकळे ठेवू नये. दोर ते गुंडाळून ओढतो आणि यात सूट नाही. महागडे हातमोजे एका दिवसात फाटतात, म्हणून त्यांवर चामड्याची खोळ चढवावी. पट्टा, चिमटा आणि खोळ सहसा तिकीटघरातच मिळतात.

रस्ता कसा आहे? भाड्याची गाडी चालेल का?

ख्राइस्टचर्चहून राष्ट्रीय महामार्ग ७३ ने डार्फील्ड, स्प्रिंगफील्ड आणि पोर्टर्स पासची खिंड ओलांडून कासल हिलच्या चुनखडीच्या शिळांजवळून रस्ता जातो. क्रेगीबर्नमधील फील्डना दीड ते दोन तास लागतात. महामार्ग डांबरी आहे, पण फील्डकडे वळणारे फाटे कच्चे, अरुंद, वळणाचे आणि बहुतांशी कठड्याविना असतात. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, एवढे एक समाधान.

बर्फावर गाडी घसरू नये म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या गाडीत असल्याच पाहिजेत आणि त्या बसवण्याचा सराव घरासमोर, कोरड्या जमिनीवर, किमान एकदा केलेला असला पाहिजे. गोठलेल्या बोटांनी, उतारावर, मागे रांग लागलेली असताना पत्रक वाचत बसण्याची वेळ येऊ देऊ नये. भाड्याच्या गाडीचा करार बारकाईने वाचावा. अनेक करारांत स्की फील्डच्या रस्त्यांवर विमा लागू होत नाही. पेट्रोल डार्फील्ड किंवा स्प्रिंगफील्ड येथे भरावे, कारण पुढे आर्थर्स पासपर्यंत भरवशाची सोय नाही.

मुक्कामात काय अपेक्षित असते?

बंक पलंगांच्या खोल्या, सर्वांची मिळून एक बैठक, लाकडाची शेगडी आणि ओले कपडे वाळवण्याची गरम खोली. झोपण्याची पिशवी आणि उशीची खोळ सहसा स्वतःची न्यावी लागते. घरात वापरण्याच्या चपला किंवा जाड मोजे आवश्यक आहेत, कारण बाहेरचे बूट दारातच काढायचे असतात. मराठी घरातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, इतरांना लागते.

बहुतेक लॉजमध्ये प्रत्येक पाहुण्याला काम वाटून दिलेले असते. भिंतीवर तक्ता असतो आणि त्यावर आपले नाव असते : भाजी चिरणे, टेबल लावणे, भांडी घासणे, स्नानगृह पुसणे, लाकडे आत आणणे. काम वीस-तीस मिनिटांचे असते, पण ते टाळलेले सर्वांच्या लक्षात येते. माझ्यासोबत प्रथमच आलेले एक काका, ज्यांनी पुण्यात कधी स्वतःचे ताटही उचलले नव्हते, तेथे एका शल्यविशारदाच्या शेजारी उभे राहून तीस माणसांच्या ताटल्या पुसत होते आणि दोघांत क्रिकेटवर कडाक्याचा वाद चालला होता. घरी परतल्यावर ही सवय टिकली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

शाकाहारी जेवण मिळते का?

आरक्षण करतानाच कळवल्यास मिळते. अंडे चालते की नाही, कांदा-लसूण वर्ज्य आहे का, हे स्पष्ट शब्दांत लिहावे, कारण येथे ‘शाकाहारी’ म्हटल्यावर अंडे आणि चीज गृहीत धरले जाते. काही लॉजमध्ये स्वयंपाक स्वतः करायचा असतो. अशा ठिकाणी खिचडी, पिठले आणि आदल्या दिवशी करून आणलेली दशमी हा थंडीतला उत्तम बेत ठरतो. चटणीची बरणी टेबलावर ठेवली, तर ती परत नेण्याची अपेक्षा ठेवू नये.

भारतातून येणाऱ्यांनी सामानाबाबत कोणती काळजी घ्यावी?

विमानतळावर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा. जाहीर न केलेला लाडू किंवा फळ सापडल्यास ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागच्या जागी होतो. जाहीर केल्यास फार तर तो पदार्थ काढून घेतात. हाच नियम ट्रेकच्या बुटांनाही लागू आहे. पावसाळी ट्रेक करून आलेल्या बुटांच्या तळव्यांत हमखास माती असते, म्हणून ते घरीच घासून, वाळवून आणावेत आणि प्रपत्रात नमूद करावेत.

कपड्यांविषयी थोडक्यात : अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर असावा, सुती बनियन नसावी; बाहेरचा थर पाणी अडवणारा असावा. जीन्स घालून येऊ नये. गॉगल आणि सनस्क्रीन यांना पर्याय नाही, कारण येथील ऊन मुळातच तीव्र आहे आणि बर्फावरून ते परत चेहऱ्यावर येते. हनुवटीच्या खालची बाजू आणि नाकपुड्या भाजतात, हे पहिल्या दिवशी कोणाला खरे वाटत नाही.

उंचीचा त्रास होतो का?

नाही. ही फील्ड दोन हजार मीटरच्या आतच आहेत. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. क्रेगीबर्नच्या सर्वांत वरच्या टोचे टोक त्याहून फार तर दीडशे-पावणेदोनशे मीटर उंच आहे. मात्र अक्षांश दक्षिणेकडे सुमारे ४३ असल्यामुळे तेवढ्याच उंचीवर झाडे संपलेली असतात आणि वर फक्त बर्फ आणि घसारा (सुटे, घसरणारे दगड) असतो.

हिमस्खलनाचा धोका किती असतो?

धोका खरा आहे, आणि वरवरचे उत्तर देणे बरोबर नाही. वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ कड्याच्या आडोशाच्या बाजूला घट्ट थरासारखा साचतो. खालचा थर कमकुवत असेल, तर एका माणसाच्या वजनानेही तो संपूर्ण थर सुटून घळीतून खाली येतो. फील्डच्या हद्दीत गस्तीपथक सकाळी उतारांची पाहणी करते, गरज पडल्यास स्फोटकांनी बर्फ पाडते आणि त्यानंतरच उतार उघडते. म्हणून ‘बंद’ अशी पाटी असलेल्या उतारावर शेजारी कोणी गेलेले दिसले, तरी आपण जाऊ नये.

हद्दीबाहेर जायचे असल्यास ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारे संदेशयंत्र), शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाच्या अंगावर हवे, ते वापरण्याचा सराव हवा आणि सोबत जाणकार हवा. न्यूझीलंड माउंटन सेफ्टी कौन्सिल क्रेगीबर्न आणि आर्थर्स पास या भागांसाठी हंगामात धोक्याचा अंदाज प्रसिद्ध करते, त्यात धोक्याच्या पाच पातळ्या असतात. ‘मध्यम’ या दुसऱ्या पातळीचा अर्थ ‘सुरक्षित’ असा करू नये.

दुखापत झाल्यास खर्च कोण करतो?

न्यूझीलंडमध्ये अपघातातील दुखापतीच्या उपचारांसाठी एसीसी ही सरकारी योजना आहे आणि ती परदेशी पाहुण्यांनाही लागू होते, चूक कोणाची हे न पाहता. परंतु आजारपण, रद्द झालेला प्रवास किंवा मोडलेल्या पायासह मुंबईला परतण्याचा वाढीव खर्च त्यात येत नाही. त्यासाठी प्रवास विमा घ्यावा आणि त्यात स्कीइंगचा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहावे. आणीबाणीचा क्रमांक १११ आहे. मात्र फील्डच्या अनेक भागांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून प्रथम जवळच्या टोवरील कर्मचाऱ्याला किंवा गस्तीपथकाला कळवावे.

तो हिरवा पोपट माझ्या गाडीचे रबर का खात आहे?

तो किआ आहे. शेवाळी हिरव्या रंगाचा, पंखांखाली नारिंगी, आणि डोंगरमाथ्यावर राहणारा जगातील एकमेव पोपट. तो उपाशी नसतो, जिज्ञासू असतो. वायपर, खिडकीचे रबर, स्कीच्या बुटांचे पट्टे, उघडी पाठपिशवी यांवर तो दोन-तीन साथीदारांसह शांतपणे काम करतो. एक जण समोर नाचून लक्ष वेधून घेतो आणि दुसरा मागून डबा पळवतो. त्याला खायला देऊ नये. माणसाच्या अन्नाची चटक लागलेला किआ रस्त्यावर आणि वाहनतळावर घुटमळू लागतो आणि गाडीखाली सापडतो. त्याला कायद्याने पूर्ण संरक्षण आहे आणि त्यांची संख्या थोडी उरली आहे. सामान उघड्यावर ठेवू नये, एवढाच उपाय.

सभासद व्हावयाचे असल्यास काय करावे लागते?

अर्ज आणि वर्गणी, आणि त्यानंतर हात. उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत शनिवार-रविवारी कामाचे दिवस ठरवलेले असतात. लाकडे फोडून रचणे, दोर आणि कप्प्या तपासणे, छपराला रंग देणे, रस्त्याचे चर मोकळे करणे अशी कामे असतात. सुतारकाम किंवा विजेचे काम येणाऱ्याला फार मान मिळतो. संगणकावरच आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना कुऱ्हाड दिली जाते. जेवण क्लब देतो. बर्फ नसलेल्या दिवसांत तोच डोंगर उघडा, करडा आणि घसाऱ्याने भरलेला दिसतो आणि आपण कोणत्या धोंड्यांवरून स्कीइंग करत होतो, हे तेव्हा कळते.

निघताना काय करून जावे?

खोली झाडावी, स्वतःचा कचरा सोबत न्यावा, कमरपट्टा आणि चिमटा परत द्यावा, आणि तक्त्यावरील शेवटचे काम उरकल्याचे लॉजच्या व्यवस्थापकाला सांगावे. साखळ्या भाड्याच्या असतील, तर दुकान किती वाजता बंद होते ते सकाळीच विचारून ठेवावे, कारण संध्याकाळी डोंगरावरून सगळ्या गाड्या एकाच वेळी उतरतात आणि स्प्रिंगफील्डला पोहोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो.